वीज खरंच मुबलक आणि स्वस्त झाली तर सगळ्यांचं भलं होईल ना? तुम्हाला काय वाटतं?

मळ्यातला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय, थोडं लांबलंय पण वाचा.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. मी चाकणला कंपनीत कामाला, शेती आण्णा आणि आई बघतात, टोमॅटो, कांदा, घरापुरता गहू. लहानपणापासून आमच्या घरात आठवडा सोमवार मंगळवारने मोजलाच नाही, या आठवड्यात दिवसाची लाईट का रात्रीची एवढंच बघायचो. रात्रीची असली की थ्री फेज यायची दहा-साडेदहाला, कधी बाराला, आणि आण्णा बॅटरी घेऊन, कानाला मफलर, हातात काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून निघायचे दारं धरायला. गाणी हौस म्हणून नाही हो, आमच्याकडे उसात बिबट्या असतो, आवाज झाला की तो बाजूला होतो म्हणून. आई ते परत येईपर्यंत झोपायची नाही. आमच्या शेजारच्या मळ्यातले काका असेच रात्री वाफा फोडायला वाकले आणि पायाला साप डसला, सकाळी सापडले. मी तेव्हा नववीत होतो. त्या दिवसानंतर मला रात्री मोटरीचा आवाज आला की झोप लागायची नाही.

आता या दिवाळीनंतर आमच्या सबस्टेशनजवळच्या गायरानात सोलर प्रकल्प चालू झाला आणि आमचा शेतीचा फिडर, म्हणजे शेतीपंपांची वेगळी लाईन, त्याच्यावर घेतलाय. लाईट सकाळी नऊच्या आसपास येते, संध्याकाळी पाचच्या आत जाते, रोज. रात्रीची बारीच बंद. आईने फोनवर पहिलं काय सांगितलं माहितीय, म्हणाली काल आण्णा रात्रभर घोरत होते, मला त्या आवाजाने झोप लागली नाही पण खूप बरं वाटलं.

तेव्हापासून मी याच्यावर जे मिळेल ते वाचतोय. २०१०-११ च्या सुमाराला देशात सोलरची वीज युनिटला दहा-बारा रुपये पडायची, २०१७ ला राजस्थानात भडल्याच्या लिलावात २ रुपये ४४ पैसे निघाला, आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातमधे १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत! दुसरी कुठली गोष्ट आपल्या आयुष्यात अशी स्वस्त झालेली आठवते का? उजाला योजनेत एलईडी बल्ब ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत खाली आला होता तेवढं आठवतं. आणि मला मनापासून वाटतं की आपल्या आधीच्या पिढ्यांना जे कधी मिळालं नाही ते आपल्या पोरांना मिळणार आहे, म्हणजे पाणी, थंडावा, औषधं, घरबसल्या कामधंदा, सगळ्याच्या मुळाशी शेवटी वीजच आहे.

कंपनीत हे बोललो तर एक सिनियर म्हणाला वीज आली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, आधी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच अजून जातं. तेव्हापासून बेचैन आहे. ज्यांनी या क्षेत्रात आयुष्य काढलंय त्यांनी सांगा, मी जास्तच आशा लावून बसलोय का?

---

जुना_ऑपरेटर

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी सबस्टेशनला ऑपरेटर होतो, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तू ज्या रात्रींबद्दल लिहिलंस ना त्या रात्री तुझ्या आण्णांची लाईट बंद-चालू करणारा हात माझ्यासारख्याचाच होता.

२००५-०६ चा काळ आठव, किंवा घरच्यांना विचार. भारनियमन खेड्यात बारा बारा तास. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० असायला पाहिजे, मागणीपुढे वीज कमी पडून ती ४९ च्या खाली उतरायला लागली की वरून फोन यायचा, अमुक फिडर पाडा. पॅनेलसमोर उभा राहून मी स्विच पाडायचो आणि मला माहीत असायचं की आत्ता त्या गावात दहावीची पोरं अभ्यासाला बसलीत, कोणाचा कांदा वाळत चाललाय, आणि पाचव्या मिनिटाला लोक येणार. यायचेच. शिव्या द्यायचे, एकदा तर दगडफेक झाली, आणि मी त्यांना काय सांगणार, की दादा माझ्याकडे द्यायला वीजच नाहीये, ती कोणीतरी कमी घेतली तरच दुसऱ्याला मिळते. टंचाई म्हणजे काय हे त्या पॅनेलसमोर कळतं. एकाला दिलं की दुसऱ्याचं काढून घ्यावं लागतं आणि मग सगळे एकमेकांचे वैरी होतात. माझ्या हातून किती घरांत अंधार झाला त्याचा हिशोब मी ठेवला नाही पण विसरलोही नाही.

म्हणून मुबलक या शब्दाची किंमत मला विचार. मुबलक म्हणजे कोणाची लाईट घालवायची हा प्रश्नच कोणाला पडणार नाही.

आता तुमच्या गावात काय झालंय ते थोडं सांगतो म्हणजे समजेल की यात जादू नाही. पूर्वी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी इथून निघायची आणि शेकडो किलोमीटर तारेतून येत येत तुझ्या डीपीला पोचेपर्यंत वाटेत किती गळायची आणि व्होल्टेज किती पडायचं ते मोटर जळालेल्यांना विचार. आता पॅनेल सबस्टेशनच्या शेजारीच, ११ केव्हीवर तिथल्या तिथे जोडली. शेतीला लागणारी वीज आणि सूर्य दोघांची वेळ दुपारचीच, त्यामुळे साठवायची भानगड नाही. युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं. ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासूनची आहे, राळेगणसिद्धीला सुरुवातीचा प्रकल्प झाला होता, नंतर २०२३ मधे दुसरा टप्पा आला आणि वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा पहिला चालू झाला. आता राज्यभर १६,००० मेगावॅटचं लक्ष्य ठेवलंय. कोयनेचे सगळे टप्पे धरून १,९६० मेगावॅट होतात, त्यावरून अंदाज घे.

तू आशा लावून बसलायस ते बरोबरच आहे. मी तर म्हणेन कमी लावलीयस.

---

माणदेशी

दादा, आण्णांना रात्री झोप मिळतेय यापेक्षा मोठी गोष्ट नाही, मनापासून आनंद झाला. पण एक बाजू कोणीतरी मांडायला हवी.

मी दुष्काळी पट्ट्यातला. आमच्याकडे विजेची अडचण हाच पाण्याला एकमेव ब्रेक होता. लाईट आठ तास, ती पण रात्री, म्हणून विहिरीला भरायला वेळ मिळायचा. ज्या गावांत सोलर पंप आले तिथे सूर्य उगवला की मोटर चालू आणि मावळला की बंद, रोज, बिल शून्य. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल माफच आहे. माझ्या मामाच्या बोअरला पूर्वी तीनशे फुटावर पाणी होतं, आता पाचशेच्या खाली गेलंय, शेजाऱ्याने सहाशे मारला म्हणून मामाने सातशे मारला, आणि दोन्ही आता उन्हाळ्यात हवा ओढतात. वीज मुबलक झाली म्हणून जमिनीतलं पाणी मुबलक होत नाही, उलट लवकर संपतं.

आणि दुसरं. वीज सगळ्यांना मिळते पण ती तयार होताना कोणाचं काय जातं ते पण बघा. १९२१ ला मुळशीत सत्याग्रह झाला तो कशासाठी, मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे होती आणि मावळातल्या भातशेतीची गावं पाण्याखाली चालली होती. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. धरण झालंच. कोयनेची वीज राज्यभर खेळली, आणि तिथून उठलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचं रडगाणं नातवंडांपर्यंत आलं. मी विजेच्या विरोधात नाही, माझ्या घरात पण पंखा आहे. पण आता गायरानात पॅनेल लागतायत, त्या गायरानात शेरडं चारणारी धनगराची, भूमिहीन बाईची शेरडं कुठे जातात हे कोणी विचारतंय का? तुमच्या गावात विचारलं का?

---

मळ्यातला

@माणदेशी दादा खरं सांगतो, नाही विचारलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गायरानात वाडीवरच्या दोन-तीन घरांच्या शेळ्या असायच्या. आज रात्री घरी फोन करून विचारतो.

---

अबोली_आष्टी

मी बीड जिल्ह्यातली, आमचा बचत गट आहे, मिरची, हळद, मसाले करतो, आणि गेल्या तीन वर्षांपासून कांदा, आलं, टोमॅटो सोलर ड्रायरमधे वाळवून देतो.

तुमच्या त्या सिनियरना माझ्या आजीची गोष्ट सांगा. आजी पहाटे चारला उठून जात्यावर बसायची, घरात अकरा माणसं, दोन-अडीच तास दळण. ओव्या छान वाटतात ऐकायला आणि मला स्वतःला येतात पण आजी म्हणायची की ओवी म्हटली नाही तर हात थांबतो म्हणून म्हणायची, हौस म्हणून नाही. गावात विजेची गिरणी आली त्या वर्षी माझी आई शाळेत जायला लागली. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे आईनेच मला सांगितलं, आजीचे दोन तास मोकळे झाले म्हणून पाणी आजीने भरलं आणि आई शाळेत गेली. आई सातवी शिकली, मी बीकॉम झाले. श्रीमंत नाही झालो आम्ही. पण वीज आली म्हणून काही होत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा जातं ओढून बघावं, पायलीभर तरी.

आता माझं. आमचं कांडप मशीन आणि पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) थ्री फेजवर, गावठाणचा फिडर वेगळा झाल्यापासून बरं आहे पण आधी व्होल्टेज इतकं कमी यायचं की दोनदा मोटरचं वायडिंग जळालं, रिवायंडिंगला दर वेळी चार-पाच हजार. कितीदा मिरची अर्धी कुटून पोत्यात परत भरलीय. ड्रायरला तर लाईनची वीजही लागत नाही, ऊन आणि छोटा पंखा. भाव पडला की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो ना, त्या वेळी आम्ही तो किलोने घेतो, चिरतो, वाळवतो. अशा ड्रायरवर महिलांना काम देणाऱ्या एस४एस नावाच्या आपल्या महाराष्ट्रातल्याच कंपनीला २०२३ मधे अर्थशॉट हा पर्यावरणासाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला, कोणाला वाटत असेल हे किरकोळ काम आहे म्हणून सांगितलं. आमच्या गटात चौदा बायका आहेत त्यातल्या पाच जणी भूमिहीन. शेत नसलेल्या बाईच्या हातात यंत्र आलं तर तिच्यापर्यंत पण पैसा पोचतो, माणदेशी दादांना उत्तर म्हणून लिहितेय.

शेरड्यांचं ते मात्र खरं आहे. आमच्याकडे पॅनेलखाली शेळ्या चरतात, पॅनेल उंचावर बसवली की गवत वाढतं आणि सावली पण मिळते. आधी बोललं पाहिजे, खांब रोवून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

---

लातूरकर_चेन्नईत

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो कारण मी रोज समुद्राचं पाणी पितो.

मी मूळ लातूरचा. २०१६ चा उन्हाळा मी तिथे काढलाय. मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली ५ लाख लिटरची, पुढे २५ लाखांच्या गाड्या झाल्या. नळाला पाणी कधी यायचं ते कोणी धड सांगू शकत नव्हतं आणि टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. आता कामानिमित्त चेन्नईत राहतो. इथे नेम्मेलीला आणि मिंजूरला समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने आहेत, सुरुवातीचे दोन्ही रोज १० कोटी लिटरच्या क्षमतेचे, आणि शहराचा एक भाग त्यावर जगतो.

यात खर्च कशाचा येतो तर मुख्यतः विजेचा. १००० लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला ३ ते ४ युनिट लागतात. आता मी वेड्यासारखा एक हिशोब केला. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर उंच. १००० लिटर पाणी तेवढं चढवायला पंपाचा तोटा धरून सव्वादोन-अडीच युनिट. म्हणजे कोकण किनाऱ्यावर गोडं करून लातूरला आणलं तर सहा-साडेसहा युनिट, पाइपमधल्या घर्षणाचं वेगळं धरा, तरी आठ-नऊ. तीन रुपयांनी सत्तावीस रुपये, १००० लिटरला. पाइपलाइन टाकायचा खर्च यात धरला नाहीये, तो प्रचंड आहे. पण २०१६ ला आमच्या गल्लीत खाजगी टँकरने लोकांनी त्याच्या कितीतरी पट मोजलेत.

शेतीला हे परवडणार नाही, गव्हाला एकरी १६-१८ लाख लिटर लागतं, म्हणजे चाळीस-पन्नास हजारांची नुसती वीज. तिथे माणदेशी म्हणतात तेच खरं, पाण्याचा हिशोब गावालाच ठेवावा लागेल. पण माणसाने पिण्याच्या पाण्यासाठी रेल्वेची वाट बघायची हे दिवस संपवता येतील, आणि ते विजेच्या दरावर ठरणार आहे. युनिट दहा रुपयांचं होतं तेव्हा हे बोलण्यात अर्थ नव्हता. आता आहे. मला यातून जी आशा वाटते ती फार मोठी आहे, लिहिताना पण अंगावर काटा येतो.

---

माणदेशी

लातूरकर भाऊ हिशोब आवडला. जपून ठेवतो.

पाण्याला ब्रेक कसा लावायचा त्याची दोन उदाहरणं माझ्याकडे आहेत, नुसती अडचण सांगून थांबायला नको. एक हिवरेबाजार, अहिल्यानगरचं, शेतीसाठी बोअर मारायचाच नाही असा गावाने नियम केला आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरवतात. दुसरं गुजरातमधलं धुंडी गाव, खेडा जिल्ह्यात. तिथे २०१६ च्या आसपास काही शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि पंप ग्रिडला जोडले. पाणी उपसलं नाही तर तीच वीज कंपनीला विकायची. म्हणजे विहिरीत पाणी ठेवल्याचे पैसे मिळतात. मला ही गोष्ट समजली तेव्हा वाटलं अरे हे आपल्याकडे का नाही, सहकार तर आपण शिकवला. मामाचा बोअर कोरडा नसता पडला.

---

जुना_ऑपरेटर

माणदेशी, तुझी धुंडीची गोष्ट लाख मोलाची आहे.

एक राहिलं. रात्रीचं काय असं कोणी विचारलं नाही पण तो खरा प्रश्न आहे. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात आणि सोलर शून्य. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कशी? आपल्या सह्याद्रीत त्याचं उत्तर आधीपासून उभं आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे, कड्याच्या वर एक तलाव, खाली कोकणाच्या अंगाला चोंढ्याला दुसरा. स्वस्त वीज असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून टर्बाइन फिरवायची. चार युनिट घातली तर तीन परत मिळतात. सह्याद्रीचा कडा म्हणजे एक भली मोठी बॅटरी आहे असं आमचे साहेब म्हणायचे, तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. शिवाय खरी बॅटरी पण उतरतेय, २०१० ला एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियमच्या पॅकला हजार डॉलरच्या वर पडायचे, २०२४ ला सरासरी ११५ वर आलं.

फ्रिक्वेन्सी ४९ बघत रात्री काढलेल्या माणसाला हे आकडे वाचून रडू येतं रे.

---

मळ्यातला

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं.

घरी बोललो. वाडीवरच्या शेळ्या आता ओढ्याच्या पलीकडे लांब नेतात, म्हातारी आजी आहे एक तिला झेपत नाही म्हणून तिने दोन विकल्या. आण्णांना हे माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत गवत गुडघ्याएवढं वाढलंय आणि ते कापायला बाहेरून माणसं आणतात म्हणे. म्हणजे शेळ्या आत सोडल्या तर दोघांचं काम होईल, अबोली ताई तुमच्याकडे कोणाशी बोलून जमवलं ते सांगाल का?

आणि अजून एक. या प्रकल्पामुळे ग्रामपंचायतीला तीन वर्षं दर वर्षी ५ लाख मिळणार आहेत. सरपंचांच्या डोक्यात कमान बांधायची आहे. मला वाटतंय ड्रायर घ्यावेत, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचा भाव पडतो त्या आठवड्यांसाठी, आणि ते शेत नसलेल्या घरांच्या बायकांना चालवायला द्यावेत.

---

अबोली_आष्टी

प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचा साइटवर एक सुपरवायझर असतो, त्याच्याशी आधी बोला, त्याला गवताचा त्रास असतोच, वाळलं की आगीची भीती. त्याला फक्त दोन गोष्टींची काळजी असते, शेळ्यांनी वायरी चावू नयेत आणि पॅनेलवर चढू नये. आमच्याकडे वायरी पाइपात घालून घेतल्या आणि पॅनेलची खालची बाजू शेळीच्या उडीपेक्षा उंच आहे म्हणून जमलं. तुमच्याकडे खाली बसवली असतील तर मेंढ्या चालतील, शेळ्या नाही, मेंढी चढत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन जा, तोंडी बोलणं टिकत नाही.

ड्रायरचं म्हणाल तर आधी माल कोण घेणार ते पक्कं करा, मग यंत्र घ्या. आम्ही उलटं केलं आणि पहिल्या वर्षी दोनशे किलो वाळलेला कांदा घरात पडून होता. टोमॅटो चिरायला सकाळी सहाला बसायला लागतं म्हणजे दहाच्या उन्हाला ट्रे भरून होतात. बायकांना रोजावर नाही, किलोवर पैसे द्या आणि हिशोबाची वही त्यांच्याच हातात ठेवा. ग्रामसभा कधी आहे?

---

मळ्यातला

२६ जानेवारीला. सुट्टी टाकलीय. वाडीवरच्या आजींना पण घेऊन जाणार आहे, त्या यायला तयार आहेत.